कर्नल सी. के. नायडू आणि आपले कोल्हापूर



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे उभा राहिला तो खेळाचा तास. मैदानावर ऊन तापलेले, एका बॅटवर दहा जण टपलेले. चेंडू नडगीवर बसला की खाली बसून पाय चोळायचा, ही आमची रीत. अशा वेळी सर एक गोष्ट सांगत. समोरचे दोन दात पडले तरी मैदान न सोडणाऱ्या एका कर्नलची. आम्हाला तेव्हा ती गोष्ट ऐकीव आणि थोडी वाढवलेली वाटे. पुढे वाचनात आले की ती खरी आहे. एवढेच नव्हे, ज्याच्या चेंडूने ते दात पडले तो गोलंदाज आपल्या कोल्हापुरातच जन्मलेला होता. त्या कर्नलचे चरित्र आपल्या सर्वांसाठी थोडक्यात मांडावे, असे मनात आले. सरांची गोष्ट पुरी करण्याचा हा एक प्रयत्न समजा.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे तेलुगू, पण वाढले विदर्भात. शिक्षण हिस्लॉप शाळेत झाले आणि शाळेच्या संघाचे कप्तानपदही त्यांच्याकडे आले. उंच, सडपातळ बांधा, ताठ मान, लांब हात. त्या काळी मोठे क्रिकेट मुंबई-पुण्याकडे खेळले जाई आणि नागपूर त्यापासून फार दूर होते. तरीही १९१६ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध खेळण्याची संधी त्यांना मिळाली. संघ अडचणीत असताना ते खेळायला आले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावला. पुढची चाळीस वर्षे हा माणूस काय करणार होता, त्याची चुणूक त्या चार चेंडूंत दिसली.

त्या काळचे क्रिकेट आजच्यासारखे राज्याराज्यांचे नव्हते. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे धर्मावर उभे असलेले संघ लढत. सामना पाहायला गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सगळे लोटत. खेळाडूला मात्र पोटासाठी वेगळी सोय पाहावी लागे. ती सोय संस्थानिक करत. १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नायडूंना बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि जन्मभर कर्नल याच नावाने ओळखले गेले. संस्थानी हुद्दे अनेकदा नुसते मानाचे असत, हे आपल्या संस्थानात वाढलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पण नायडूंनी हा हुद्दा अंगात मुरवून घेतला. वेळेवर येणे, कपडे स्वच्छ, बूट चकचकीत, मैदानावर फालतू बोलणे नाही, दुखले तर दाखवायचे नाही. फौजेची ही शिस्त त्यांनी आधी स्वतःला लावली आणि मग संघाला.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. या पाहुण्यांना इथे कुणी हरवू शकत नव्हते. मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशी त्यांचा सामना झाला. पाहुण्यांच्या गाय अर्लने षटकारांची बरसात करून शतक ठोकले. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, नायडू खेळायला उतरले. दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या आणि त्यात ११ षटकार होते. त्यांचा खेळ सुरू असल्याची बातमी शहरभर पसरली तशी माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली. मैदानाभोवतीची झाडे आणि गच्च्या भरून गेल्या. आजच्या वीस षटकांच्या जमान्यात ११ षटकारांचे कौतुक वाटणार नाही. पण तेव्हाच्या बॅटी हलक्या, गोलंदाज इंग्लंडचे कसोटी खेळाडू आणि राज्य त्यांचे. सत्तेवर बसलेल्या माणसाचा चेंडू डोक्यावरून भिरकावून देणे, याचा अर्थ प्रेक्षकांना बरोबर कळत होता.

त्या सामन्याचा परिणाम नुसता टाळ्यांपुरता राहिला नाही. हिंदी खेळाडू कसोटीच्या तोडीचे आहेत, याविषयी गिलिगनची खात्री पटली. देशाचे स्वतःचे नियामक मंडळ काढा, असा आग्रह त्याने इथल्या मंडळींकडे धरला. डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि चार वर्षांनी कसोटीचा दरवाजा उघडला.

१९३२ साली पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला. कप्तान कोण, यावरूनच पहिले राजकारण झाले. तो मान राजघराण्यातल्या माणसाचाच, असे तेव्हा सगळे धरून चालत. पतियाळाचे महाराज माघारी फिरल्यावर पोरबंदरचे महाराज कप्तान झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकप्तान. पोरबंदरच्या महाराजांची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपल्याला फारसे खेळता येत नाही हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मनमोकळेपणाने मानले. लॉर्ड्सच्या कसोटीत दोघेही राजपुरुष बाजूला झाले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. तेव्हा काही खेळाडू बिथरले. नायडूंच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजाच्या हाताखाली खेळायला कुणाची हरकत नव्हती, पण आपल्यासारख्याच माणसाच्या हाताखाली खेळणे जड जात होते. नायडूंचा स्वभावही कडक आणि तुटक होता, हेही खरे. शेवटी वरून ताकीद आली आणि बंड शमले.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. महंमद निसारच्या वेगापुढे इंग्लंडची अवस्था पहिल्याच तासात ३ बाद १९ झाली. इंग्लंडच्या डावात क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर मार बसला. तशाच हाताने ते खेळले आणि संघाच्या पहिल्या डावातल्या सर्वाधिक ४० धावा त्यांनी काढल्या. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळला तो पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचे जनार्दन नवले यांनी, ही गोष्टही आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. सामना १५८ धावांनी हरला, पण इंग्लंडच्या पहिल्या फळीला घाम फुटला होता. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि विस्डेनने त्यांची वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत निवड केली. हा मान मिळालेल्या मोजक्या हिंदी खेळाडूंत त्यांचे नाव आले. एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानालगतच्या रे नदीपलीकडे गेला आणि ती नदी तेव्हा दोन परगण्यांची हद्द असल्याने चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला, असे अजूनही सांगतात.

पुढच्या वर्षी जार्डिनचा संघ भारतात आला. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईला भारतभूमीवरची पहिली कसोटी झाली आणि कप्तान नायडूच होते. दुसऱ्या डावात लाला अमरनाथांनी ११८ धावांचे भारताचे पहिले कसोटी शतक काढले. त्या वेळी दुसऱ्या टोकाला ६७ धावा काढून उभे होते ते नायडू. दोघांनी मिळून १८६ धावांची भागी केली. सामना गेला, पण तरुण मुलाला खेळते ठेवून आपण एक बाजू लावून धरायची, हे कप्तानाचे काम त्या दिवशी लोकांनी पाहिले.

यानंतरचा भाग सांगताना मन खट्टू होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कप्तानपद पुन्हा राजघराण्याकडे गेले. विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, कप्तान झाले. त्यांचा खेळ सामान्य आणि हेवेदावे मात्र मोठे. संघात दोन तट पडले. अमरनाथांना दौऱ्याच्या मध्येच परत पाठवण्यात आले. न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केला म्हणून एका खेळाडूला कसोटीत जागा मिळाली, असे त्या दौऱ्याविषयी बोलले जाते. ज्या माणसामुळे देशाला कसोटीचा मान मिळाला, तो आता एका हौशी कप्तानाच्या हाताखाली साधा खेळाडू होता. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलनचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर आदळला. ते कळवळले, सावरले, पुन्हा उभे राहिले आणि ८१ धावा काढून मगच परतले. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना. एकूण सात कसोटी, ३५० धावा. कागदावर हे आकडे अगदीच किरकोळ दिसतात. कसोटीचे दार उघडले तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते, हे त्या आकड्यांत कुठे दिसत नाही.

कुणीही या टप्प्यावर बॅट माळ्यावर टाकली असती. कर्नलसाहेब इंदूरला परतले आणि त्यांच्या आयुष्याचा सर्वांत भरीव भाग तिथून सुरू झाला. होळकरांच्या आश्रयाने त्यांनी एक संघ बांधला. इंदूरचा मुश्ताक अली, सागरकडचे चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, त्यांचे स्वतःचे बंधू सी. एस. नायडू अशी एकेक माणसे त्यांनी जमवली. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा त्याने करंडक जिंकला. मुंबईच्या बलाढ्य संघापुढे एका संस्थानाचा संघ वर्षानुवर्षे उभा राहत होता. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध कप्तानाने स्वतः २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

संघात शिस्त अशी की सरावाला उशीर चालायचा नाही. लागले म्हणून मैदानाबाहेर जायला परवानगी मिळायची नाही. झेल सुटला तर कप्तानाची नुसती नजरच पुरे होई. खेळाडू त्यांना भीत आणि काहींना त्यांचा राग येई. मायेचा हात पाठीवर फिरवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आपल्यालाही असे एखादे शिक्षक लाभलेले आहेत. शाळेत असताना त्यांच्या तासाला पोटात गोळा यायचा आणि आज त्यांच्याच पाया पडायला आपण रांग लावतो. कर्नलसाहेबांचे थोडे तसेच होते. खेळाडूकडून जे मागायचे ते आधी स्वतः करून दाखवायचे, हा त्यांचा नियम असल्यामुळे लोक ते ऐकून घेत.

आता सरांच्या त्या गोष्टीकडे येतो. १९५१-५२ चा रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईकडे नवा चेंडू होता दत्तू फडकर यांच्या हाती. कोल्हापुरात जन्मलेल्या फडकरांनी १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध कसोटी शतक काढले होते आणि चेंडू उसळवण्यात ते वाकबगार होते. समोर छप्पन्न वर्षांचे नायडू. फडकरांचा एक उसळता चेंडू थेट तोंडावर बसला. समोरचे दोन दात पडले, रक्त वाहू लागले. सगळे धावले. कर्नलसाहेबांनी खेळपट्टीवर पडलेले दात बाजूला सारले, मदत नाकारली आणि पुन्हा पवित्रा घेतला. फडकर साहजिकच ओशाळले होते आणि चेंडू जपून टाकू लागले. ते कर्नलसाहेबांना खपले नाही. आधीसारखाच उसळता चेंडू टाक, असे त्यांनी गोलंदाजाला बजावले. होळकर संघ तो सामना मोठ्या फरकाने हरला. आज त्या सामन्याचा धावफलक कुणाला आठवत नाही, हे दात मात्र आठवतात.

ही गोष्ट सांगताना सर नेहमी नायडूंचे धैर्य सांगत. आता या वयात मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रतिस्पर्ध्याने आपल्यावर दया करून खेळ हलका करू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९३२ साली आणि १९३६ साली त्यांना बरोबरीचा मान नाकारला गेला होता. त्यांनी त्याबद्दल कुठे रडगाणे गायले नाही. पण मैदानावर तरी कुणी आपल्याला सवलत देऊ नये, एवढे त्यांनी शेवटपर्यंत जपले.

कोल्हापूरशी त्यांचा दुसरा धागा म्हणजे आपले भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला असताना काठियावाडने सामना सोडून दिला आणि भाऊसाहेबांची खेळी तिथेच थांबली. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. एवढे करूनही त्यांना एकदाही कसोटी खेळायला मिळाली नाही. याच भाऊसाहेबांना कर्नलसाहेबांनी होळकर संघात घेतले आणि ते पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली खेळले. ज्यांना दिल्ली-मुंबईच्या निवड समित्यांनी ओळखले नाही, अशा अनेक माणसांना इंदूरच्या त्या संघात काम मिळाले आणि मान मिळाला. स्वतःवर अन्याय झालेल्या माणसाच्या हातात अधिकार आला की तो दोन प्रकारे वागतो. एक तर तोच अन्याय पुढच्यावर करतो किंवा खेळ पाहून माणूस निवडतो. कर्नलसाहेबांनी दुसरी वाट धरली.

१९५६ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. पण सत्कार घेऊन घरी बसणे जमले नाही. १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले आणि नातवाच्या वयाच्या गोलंदाजांना फटके मारत राहिले. त्यानंतरही १९६३-६४ मध्ये संरक्षण निधीसाठी नागपूरला भरलेल्या सामन्यात अडुसष्टाव्या वर्षी ते मैदानात उतरले. जिथे शाळेच्या संघात बॅट हातात घेतली त्याच गावी त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना झाला. एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, असा त्यांचा हिशेब आहे. पहिला सामना आणि शेवटचा सामना यांत सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला कर्नलसाहेबांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाने तरुण खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा भरते. इंदूर आणि नागपूरला त्यांची आठवण जागी आहे. क्रिकेट नियामक मंडळाने १९९४ पासून जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्यालाही त्यांचेच नाव आहे. पहिला पुरस्कार लाला अमरनाथांना मिळाला. म्हणजे १९३३ साली मुंबईत ज्या तरुणाला त्यांनी दुसऱ्या टोकाने साथ दिली, त्यालाच.

आणि पुढे काही वर्षांनी तो पुरस्कार कोल्हापुरातही आला, भाऊसाहेब निंबाळकरांकडे. एकही कसोटी न खेळलेल्या माणसाला देशाच्या मंडळाने दिलेला तो मान होता आणि त्यावर नाव होते त्यांच्या जुन्या कप्तानाचे. भाऊसाहेब २०१२ साली गेले.

आज आपण एवढ्या वर्षांनी शाळेच्या आवारात जमत आहोत. कुणी मोठ्या पदावर पोहोचले, कुणाची बढती हुकली, कुणाच्या वाट्याला नऊ धावांनी राहून गेलेला विक्रम आला. गुणपत्रिकेत आणि नोकरीच्या कागदांत आपलेही आकडे लिहिलेले आहेत आणि ते सगळे खरे सांगत नाहीत. संमेलनाच्या दिवशी मैदानावर जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला आहे असे ऐकतो. गुडघे कुरकुरतील, चेंडू नडगीवर बसेल. बसला तर पाय चोळत बसू नका, एवढीच विनंती. सर पाहत असतील.